दुधाच्या चहात फुलांचा सुवास टिकवताना

फुलांच्या दुधाळ चहात एक अडचण मुळातच आहे आणि ती बहुतेक कृतींमध्ये सांगितलेली नसते. फुलांचा सुवास ज्या द्रव्यांमुळे येतो, ती बहुतांशी पाण्यापेक्षा स्निग्धांशात अधिक सहज मिसळणारी आणि उष्णता लागताच उडून जाणारी असतात. दुधात स्निग्धांश असतो आणि चहाला उष्णता लागते. म्हणजे ज्या दोन गोष्टींशिवाय दुधाचा चहा होतच नाही, त्याच दोन गोष्टी फुलाच्या मुळावर येतात. पाणी, दूध, साखर, पत्ती आणि वाळलेल्या पाकळ्या एकाच पातेल्यात घालून उकळी आणली, की स्वयंपाकघर घमघमते आणि कपात मात्र किंचित कडवट, तुरट असा साधाच चहा उरतो. घरभर पसरलेला तो दरवळ म्हणजे कपातून निसटलेला सुवास असतो, हे एकदा ध्यानात आले की पुढची सगळी कृती आपोआप वेगळी होते.

मी जो क्रम पाळते तो असा: चहा पाण्यात आणि नेहमीपेक्षा कडक, फूल एकतर आधीच पत्तीत मुरलेले किंवा गार दुधात भिजवलेले, आणि दूध सर्वांत शेवटी, मोजके व न उकळलेले. उकळी हा शब्द या चहात फक्त पाण्यापुरता ठेवावा. हे वाचताना कटकटीचे वाटेल, परंतु प्रत्यक्षात त्यासाठी हात कमी आणि धीर जास्त लागतो. बरेचसे काम रात्री आपण झोपलेले असताना होते.

सुरुवात मोगऱ्यापासून करावी, कारण दुधाशी सर्वांत चांगले जमते ते त्याचेच. जगभर जास्मिन टी म्हणून विकला जाणारा चहा प्रामुख्याने ‘जास्मिनम सँबॅक’ या जातीच्या, म्हणजे आपल्या ओळखीच्या मोगऱ्याच्याच कळ्यांनी सुवासिक केलेला असतो. चीनच्या फुजियान प्रांतातील फुझोऊ हे या चहाचे जुने केंद्र आहे, आणि तेथील मोगरा व चहा यांच्या एकत्रित लागवडीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचे स्थान दिले. तिथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मिटलेल्या कळ्या दिवसा तोडतात, त्या संध्याकाळनंतर उमलू लागतात, आणि तोडल्यानंतरही मोगऱ्याचे फूल तासन्‌तास सुवास तयार करत राहते. नेमक्या त्या वेळी कळ्या कोरड्या पत्तीत थराथराने मिसळतात. चहाची पत्ती आसपासचा कोणताही वास पटकन ओढून घेते, जो गुण एरवी आपल्याला त्रासदायक वाटतो. येथे त्याचाच उपयोग होतो. ढीग आतून तापू लागतो म्हणून तो मधून मधून पसरून गार करावा लागतो, सकाळी मलूल झालेली फुले चाळून वेगळी करतात, ओलावलेली पत्ती वाळवतात, आणि उंची चहा असेल तर हाच क्रम ताज्या फुलांनी पुन्हा पुन्हा, कधी सहा-सात वेळादेखील, करतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की पाकिटात पांढऱ्या पाकळ्या दिसणे हा दर्जाचा पुरावा नव्हे. त्या पाकळ्यांनी आपला सुवास आधीच देऊन टाकलेला असतो आणि त्या शोभेपुरत्या असतात, उलट जास्त राहिल्या तर चहाला कडवटपणा आणतात. दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे: वाळलेल्या मोगऱ्याच्या कळ्या आणून त्या दुधात उकळण्यात काहीही अर्थ नाही. मोगऱ्याचा सुवास वाळवण्यात टिकत नाही, तो फक्त ताज्या फुलातून दुसऱ्या कशात तरी हलवता येतो. सुवासिक केलेली पत्तीच विकत घ्यावी, किंवा फुले मिळत असतील तर ती घरी तयार करावी.

घरी करण्याची रीत मूळ पद्धतीचीच लहान आवृत्ती आहे. साधी, धुरकट वास नसलेली हिरव्या चहाची पत्ती घ्यावी आणि वजनाने तितक्याच टपोऱ्या पण अजून न उमललेल्या कळ्या घ्याव्यात. कळ्यांवर पाणी मारलेले नसावे. ओली कळी पत्तीला बुरशीच्या वाटेवर नेते. कळ्या ताटात पसरून ठेवल्या की रात्र पडता पडता त्यांची टोके सैल होतात, बाहेरच्या पाकळ्या हळूहळू मागे वळू लागतात, आणि मघापर्यंत हिरवट वास देणारी कळी अचानक गोड होते. हीच वेळ साधायची. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत पत्ती आणि फुले आलटून पालटून भरावीत, वरचा थर पत्तीचा ठेवावा, झाकण सैल लावावे. सकाळी बरणी उघडली की फुलांच्या कडा तपकिरी पडलेल्या असतात आणि पत्ती बदललेली असते: आदल्या दिवशी चिमटीत धरताच कट्‌कन मोडणारी पान-काडी आता न मोडता वाकते, कारण तिने सुवासाबरोबर फुलांचा ओलावाही घेतलेला असतो. फुले एकूण एक वेचून काढावीत. त्यानंतर पत्ती पसरट तबकात पातळ पसरून सर्वांत मंद ओव्हनमध्ये, साठ अंशांच्या आसपास आणि दार किंचित उघडे ठेवून, पुन्हा कट्‌कन मोडेपर्यंत वाळवावी. ओव्हन नसेल तर कोरड्या हवेत पंख्याखाली, पण उन्हात नाही. एका रात्रीत मिळणारा सुवास कोऱ्या चहाला पुरतो. दुधासाठी मात्र हे किमान दोनदा करावे, नाहीतर दूध त्याला गिळून टाकते.

आता एका कपाचे प्रमाण. मोगऱ्याचा हिरवा चहा पाच ग्रॅम, पाणी दीडशे मिलिलिटर, दूध सत्तर मिलिलिटर, साखर दोन लहान चमचे. कोरा चहा पिण्यासाठी याच्या निम्मी पत्तीही पुष्कळ झाली असती, परंतु येथे दूध नंतर चव पातळ करणार आहे हे धरून चालायचे. पाणी ऐंशी अंशांचे हवे. हिरव्या पत्तीवर उकळते पाणी ओतले की तिच्यातील तुरट द्रव्ये एकदम उतरतात आणि फुलाचा गोडवा त्याखाली दबतो. तापमापी नसली तरी अडत नाही: तीन भाग उकळत्या पाण्यात एक भाग साधे, खोलीच्या तापमानाचे पाणी मिसळले की मिश्रण ऐंशीच्या आसपास येते. पत्ती त्यात झाकण ठेवून तीन मिनिटे मुरू द्यावी. झाकण विसरू नये, कारण वाफेबरोबर जे जाते ते पुन्हा येत नाही. झाकण उचलताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही मी कपातच निथळू देते, कारण त्यांत सुवास चांगलाच असतो. तीन मिनिटांनंतर गाळून घ्यावे, पत्ती पिळू नये, साखर विरघळवावी आणि मग कोमट दूध बारीक धारेने घालावे.

दुधाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बिघडते ते बहुधा तेथेच. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसीन असते आणि ते चहातील तुरट द्रव्यांना धरून ठेवते. दूध घातल्यावर चहा जिभेला मऊ लागतो तो मुख्यतः यामुळे. याच कारणाने कडक केलेला कोरा चहा एकट्याने पिववत नसला तरी दुधात शोभून दिसतो. स्निग्धांशाचे काम निराळे आहे. तो सुवासाची द्रव्ये आपल्यात सामावून घेतो आणि सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे कपावर नाक नेले तर दुधाच्या चहाचा वास कोऱ्या चहापेक्षा मंद येतो, पण घोट घेतल्यावर तोंडाच्या उबेत तो हळूहळू सुटतो आणि गिळल्यानंतरही मागे रेंगाळतो. साय काढलेल्या दुधाच्या चहात उलटे होते: वास लगेच येतो, लगेच संपतो, आणि चहा पाणचट लागतो. मला तीन ते साडेतीन टक्के स्निग्धांशाचे दूध योग्य वाटते. मलई किंवा आटवलेले गोड दूध घालण्याचा मोह मात्र टाळावा; आटवलेल्या दुधाला स्वतःचा इतका ठळक खरपूस गोडवा असतो की त्याच्यासमोर मोगरा तर सोडाच, गुलाबसुद्धा टिकत नाही.

दूध साठ-पासष्ट अंशांच्या पुढे नेऊ नये. साधारण पंच्याहत्तर अंशांनंतर दुधातील व्हे प्रथिने, म्हणजे दूध फाटल्यावर निवळीत उरणारी प्रथिने, उलगडू लागतात आणि त्यांतून गंधकयुक्त संयुगे सुटतात. तापलेल्या दुधाचा जो ओळखीचा वास आपण म्हणतो तो यातूनच येतो. एरवी तो अनेकांना आवडतो, मलाही आवडतो, पण नाजूक फुलाशेजारी तो दांडगाई करतो. पातेल्यातून वाफ दिसू लागली आणि कडेला अजून बुडबुडे धरलेले नाहीत, अशा वेळी आच बंद करावी. पाश्चरीकरण केलेले दूध असेल तर एवढे तापवणे पुरेसे आहे. कच्चे दूध असेल तर ते आधी नीट उकळून, गार करून ठेवावे आणि चहासाठी पुन्हा फक्त कोमट करावे. उकळल्याचा वास गार होताना बराच कमी होतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या डब्यातील दुधाला तो वास प्रक्रियेतच लागलेला असतो, म्हणून ते मी या चहाला वापरत नाही. वनस्पतींच्या दुधांपैकी ओटचे दूध सर्वांत निरुपद्रवी आहे, त्याची सौम्य गोडी फुलांना पूरक ठरते. सोयाचे दूध गरम आणि किंचित आंबट चहात फुटते, आणि नारळाचे दूध स्वतःशिवाय कोणालाच बोलू देत नाही.

ज्या स्निग्धांशावर मी वर ठपका ठेवला, त्यालाच कामाला लावण्याची एक जुनी युक्ती आहे. दक्षिण फ्रान्समधील ग्रास हे गाव अत्तरांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथे मोगरावर्गीय फुलांचा अर्क काढताना ती तापवत नसत. काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर देऊन त्यावर ताजी फुले मांडत, दुसऱ्या दिवशी ती काढून नवी मांडत, आणि चरबी सुवासाने पूर्ण भरेपर्यंत हे अनेक दिवस चाले. वाफेने ऊर्ध्वपातन केले तर या फुलांचा सुवास नीट हाती येत नाही, म्हणून हा उपद्व्याप. घरात चरबीच्या जागी गार दूध ठेवावे. झाकणाच्या काचेच्या भांड्यात दूध घेऊन त्यात फूल घालायचे आणि शीतकपाटात सहा ते आठ तास ठेवायचे. स्निग्धांश सुवास ओढून घेतो आणि कडवट व तुरट द्रव्ये मात्र गार दुधात फारशी उतरत नाहीत. सकाळी ते दूध बारीक गाळणीतून गाळले की फुलाचे काम संपले. हे दूध शीतकपाटातच ठेवावे आणि त्याच दिवशी वापरून टाकावे, कारण फुलांबरोबर सूक्ष्मजीवही येतात आणि त्यांना दूध आपल्याइतकेच आवडते.

ही रीत सर्वाधिक उपयोगी पडते ती लॅव्हेंडरला. लॅव्हेंडरच्या दुधाच्या चहाला साबणासारखा वास येतो अशी तक्रार सर्रास ऐकू येते आणि ती खोटी नाही. मात्र तिची कारणे दोन आहेत आणि दोन्ही टाळता येतात. एक म्हणजे जात. स्वयंपाकाला ‘लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया’ ही जात योग्य असते. तेलासाठी मोठ्या प्रमाणावर लावल्या जाणाऱ्या लॅव्हँडिन या संकरित जातीत कापराचा अंश बराच जास्त असतो, आणि सजावटीच्या पुरचुंड्यांत बहुधा तीच भरलेली असते. दुसरे कारण म्हणजे प्रमाण. अडीचशे मिलिलिटर दुधाला वाळलेल्या कळ्या पाव चमचा पुरतात, अर्धा चमचा ही अगदी कमाल मर्यादा आहे. गरम दुधात भिजवायचे असेल तर पाच मिनिटांवर नेऊ नये. लॅव्हेंडरबरोबर हिरवा चहा फिका पडतो. मध्यम कडक काळा चहा घ्यावा, उकळत्या पाण्यात चार मिनिटे मुरवावा, आणि गाळल्यावर वरील दूध कोमट करून त्यात घालावे. व्हॅनिलाचा एखादा थेंब या चहात खपून जातो. मोगऱ्यात तो मी कधीच घालणार नाही.

काळा चहा आणि फूल यांचे जमते यामागे एक सुंदर कारण आहे. चहाचे पान सुकवताना व आंबवताना त्यातील विकरे जी सुवासिक द्रव्ये मोकळी करतात, त्यांत लिनॅलूल आणि जेरॅनिऑल ही ठळक असतात. लिनॅलूल हे लॅव्हेंडरचे आणि मोगऱ्याचेही मुख्य द्रव्य आहे, तर जेरॅनिऑल गुलाबाचे. म्हणजे पत्तीत फूल मिसळताना आपण परके काही आणत नसतो, पत्तीत आधीच मंदपणे असलेला स्वर थोडा वर चढवत असतो. चीनच्या आनहुई प्रांतातील कीमून हा काळा चहा जेरॅनिऑलसाठी ओळखला जातो आणि गुलाबाच्या दुधाळ चहाला मला तोच सर्वांत मानवतो. बारीक भुकटीचा, भराभर गडद रंग देणारा चहाही चालतो, पण तेव्हा पत्ती कमी आणि वेळ तीन मिनिटांवर ठेवावा, नाहीतर रंग छान येतो आणि गुलाब कुठे लागतच नाही.

गुलाबाचे वागणे मोगऱ्याच्या नेमके उलट आहे. त्याच्या सुवासातील फेनिलइथाइल अल्कोहोल हे द्रव्य पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, गुलाबपाण्याला जो वास असतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि वाळलेल्या पाकळ्यांतही सुवास पुष्कळ टिकून राहतो. त्यामुळे गुलाबासाठी रात्रभर थांबण्याची गरज नाही. दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात चार ग्रॅम पत्ती घालून झाकावी, दोन मिनिटांनी एक मोठा चमचा वाळलेल्या पाकळ्या हाताने चुरून घालाव्यात, पुन्हा झाकून आणखी दोन-तीन मिनिटे थांबावे आणि गाळून ऐंशी मिलिलिटर कोमट दूध मिसळावे. ताज्या पाकळ्या असतील तर प्रत्येकीचे देठाकडचे पांढरे टोक कात्रीने कापून टाकावे. कडवटपणा तेथे साठलेला असतो. सुवास कमी वाटला तर पाकळ्या वाढवण्याऐवजी अगदी शेवटी, कप हातात घेण्यापूर्वी, अर्धा चमचा चांगले गुलाबपाणी घालावे. ते खाण्याचेच असल्याची खात्री बाटलीवर पाहून करावी, कारण सौंदर्यप्रसाधनांच्या गुलाबपाण्यात अनेकदा संरक्षके आणि कृत्रिम सुवास असतात. गडद गुलाबी रंगाची तयार सरबते या चहात घालणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण तो साखरेचा चहा होतो, गुलाबाचा नव्हे.

ओस्मँथसची इवलीशी सोनेरी फुले मिळाली तर ती सोडू नयेत. त्यांना जर्दाळूसारखा वास असतो, त्यामागे आयोनोन आणि लॅक्टोन वर्गातील द्रव्ये आहेत, आणि यांतील लॅक्टोन दुधाच्या व लोण्याच्या स्वतःच्या वासातही असल्यामुळे हे फूल दुधात विरघळून गेल्यासारखे लागते. नव्वद अंशांच्या पाण्यात ऊलाँग चहाबरोबर अर्धा चमचा फुले चार मिनिटे पुरतात. कॅमोमाइलचा दुधाळ पेला चहापत्तीशिवायच करावा, दोन चमचे फुले झाकून पाच मिनिटे मुरवून. त्यात कॅफीन नसल्यामुळे तो रात्री घेता येतो. शेवंतीचा मी दुधाशी मेळ घालत नाही, तिचा औषधी कडूपणा पाण्यातच बरा वाटतो.

रंगाच्या मोहापायी केल्या जाणाऱ्या दोन प्रयोगांबद्दल सावध करणे भाग आहे. निळ्या गोकर्णाच्या फुलांनी पाणी गडद निळे होते आणि दुधात घातल्यावर फिकट आकाशी दिसते, दिसायला मोठे देखणे. परंतु या फुलाला सांगण्यासारखा सुवास नाही, म्हणून सुवास देण्याचे काम दुसऱ्या फुलावर सोपवावे लागते. आंबट घातले की हा निळा रंग जांभळा होतो हे खरे, पण दुधाच्या पेल्यात लिंबू पिळून ती गंमत दाखवता येत नाही हे वेगळे सांगायला नको. दुसरा प्रयोग लाल अंबाडीचा, म्हणजे बाजारात हिबिस्कस म्हणून मिळणाऱ्या लालभडक वाळलेल्या आवरणांचा. त्यांच्या काढ्यात आम्ले भरपूर असतात आणि दुधाचा सामू (पीएच) सुमारे ४.६ पर्यंत उतरला की केसीन गोळा होऊन दूध फाटते. गार करा, साखर वाढवा, थेंबाथेंबाने घाला, निकाल तोच. फुलांच्या मिश्र चहाच्या पाकिटांत ही लाल आवरणे रंगासाठी हमखास मिसळलेली असतात, त्यामुळे दूध घालण्यापूर्वी पाकिटावरील घटक वाचावेत. घटक वाचूनही शंका राहिली, तर एका चमच्यात काढा व दूध मिसळून पाहावे. कण दिसले तर तो चहा कोराच प्यावा.

फुले कुठून आणावीत याबाबत मात्र तडजोड नको. पुष्पगुच्छांसाठी वाढवलेल्या फुलांवर फवारलेली कीटकनाशके खाद्यपदार्थांच्या मर्यादेत असतीलच असे नाही, आणि ती धुतल्याने पूर्ण जात नाहीत. खाण्यासाठी म्हणून विकली जाणारी किंवा स्वतः फवारणीशिवाय वाढवलेली फुलेच वापरावीत. सुवास आहे म्हणून फूल खाण्याजोगे असते असेही नाही: कण्हेर, धोत्रा आणि लिली ऑफ द व्हॅली ही तिन्ही विषारी आहेत, आणि ‘कॅरोलिना जास्मिन’ नावाची पिवळ्या फुलांची वेल नावात जास्मिन असूनही मोगऱ्याच्या कुळाशी संबंध नसलेली आणि विषारी आहे. कॅमोमाइल व शेवंती एकाच कुळातील असल्याने त्या कुळातील फुलांच्या परागांची ॲलर्जी असणाऱ्यांनी दोन्हींपासून दूर राहावे. सुगंधी तेलाच्या बाटलीतील थेंब चहात टाकण्याची सूचना अधूनमधून वाचनात येते. ती तेले अतिशय तीव्र असतात, पाण्यात विरघळत नाहीत, आणि बहुतेक पिण्यासाठी बनवलेलीच नसतात.

गोडीसाठी साधी पांढरी साखर उत्तम, कारण तिला स्वतःचा वास नाही. कॅमोमाइलला मध चालतो, मोगऱ्याला नाही. मधात मुळातच दुसऱ्या फुलांचा सुवास असतो आणि दोन्हींची ओढाताण होते. साखर अजिबात नको असणाऱ्यांनी निदान अर्धा चमचा घालून पाहावा. फुलाचा सुवास आपल्या मेंदूत गोडीशी जोडलेला असतो, आणि गोडी शून्यावर नेली की तोच सुवास फिका, क्वचित अत्तरासारखा लागतो.

उन्हाळ्यात मी मोगऱ्याचा चहा तापवतच नाही. आठ ग्रॅम पत्ती तीनशे मिलिलिटर गार पाण्यात घालून झाकून रात्रभर शीतकपाटात ठेवते. गार पाण्यात तुरटपणा फार कमी उतरतो, त्यामुळे आठ ते दहा तास झाले तरी चहा कडू होत नाही. सकाळी गाळून त्यात शंभर मिलिलिटर गार दूध आणि साखरेचा पाक घालायचा. थंड पेयात गोडी आणि सुवास दोन्ही जिभेला कमी जाणवतात, म्हणून पाक गरम चहापेक्षा थोडा जास्तच लागतो. बर्फ घालणार असाल तर पाणी तीनशेऐवजी दोनशेच घ्यावे, आणि जमले तर बर्फ त्याच चहाचा करावा, म्हणजे वितळताना तो चहा पातळ करत नाही. तरीही पेला भरून फार वेळ ठेवू नये. दूध आणि चहा यांचे थर वेगळे दिसू लागले, तर चमच्याने एकदा ढवळून लगेच प्यायला घ्यावे.